तबकडीची दुसरी बाजूही लावणारा कार्यक्रम

रविवारी सकाळी सातला मी दुकानाचं शटर अर्धंच वर घेते. गिऱ्हाईक यायची वेळ नसते ती. सांगलीच्या गावभागात आमचं पेटी दुरुस्तीचं दुकान आहे. पेटी म्हणजे हार्मोनियम, पण इकडे सगळे पेटीच म्हणतात. आधी अण्णा, म्हणजे माझे वडील, हे काम करायचे. २०१६ साली ते गेले, तेव्हापासून मी करते. रविवारचे पहिले दोन तास मी सूर लावायचं काम हातात घेत नाही, कारण त्या वेळेत इथल्या एका एफएमवर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असतो आणि एका वेळी दोन सूर कानात घेता येत नाहीत. म्हणून तेवढा वेळ भात्याला चामडं चिकटवायचं, पट्ट्या पुसायच्या, स्क्रू आवळायचे. हात कामाला, कान रेडिओला.

कार्यक्रमाचं आणि केंद्राचं नाव मी लिहीत नाही. पुढे मला तक्रारीही करायच्या आहेत, आणि चारचौघांत नाव घेऊन तक्रार करणं मला पटत नाही. सांगली-मिरजेत रविवारी सकाळी रेडिओ लावणाऱ्याला तो ओळखायला वेळ लागणार नाही.

मी पहिल्यांदा ऐकला तो ४ जुलै २०२१ चा रविवार. कोरोनाचे निर्बंध चालू होते, दुकानात काम नव्हतं, मी नुसतीच झाडलोट करत होते. निवेदक म्हणाला, आज आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचा वाढदिवस आहे, येडेनिपाणीचा. मी झाडू खाली ठेवला. येडेनिपाणी म्हणजे आमच्या वाळवा तालुक्यातलं गाव. तिथल्या कुणाचा वाढदिवस रेडिओवर? तर पी. सावळाराम. निवृत्ती रावजी पाटील हे त्यांचं खरं नाव, जन्म ४ जुलै १९१४. इतकी वर्षं मी त्यांची गाणी पेटीवर वाजवून बघत आले, पण ते आपल्या वाळव्याचे हे मला माहीत नव्हतं. मग त्याने ‘कल्पवृक्ष कन्येसाठी’ लावलं. लावण्याआधी एवढंच सांगितलं की शब्द सावळारामांचे, चाल वसंत प्रभूंची, आवाज लताबाईंचा, आणि लताबाई बारा वर्षांच्या असताना २४ एप्रिल १९४२ ला त्यांचे वडील दीनानाथ गेले. पुढे काहीही बोलला नाही. गाणं सुरू झालं, पूर्ण झालं, आणि संपल्यावरही दोन-तीन सेकंद तो गप्प राहिला.

लावणारा निघून गेला आणि झाडाला बहर आला, असं ते गाणं. मी अण्णांच्या स्टुलावर बसले होते. त्या दिवसापासून रविवार चुकवला असेल तर तीन-चारदाच.

कार्यक्रमाची पद्धत साधी आहे. त्या आठवड्यात ज्यांचा जन्मदिवस येतो अशा दोन-तीन जणांना तो घेतो. गायक असेलच असं नाही. गीतकार असतो, संगीतकार असतो, एखादा वादकही असतो. प्रत्येकाची तीन-चार गाणी. प्रत्येक गाण्याआधी नावं: शब्द कुणाचे, चाल कुणाची, आवाज कुणाचा, साल कुठलं, सिनेमातलं असेल तर सिनेमा कुठला. आणि जिथे मूळ ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी त्याच्याकडे आहे, तिथे तो पुढची बाजू लावून झाली की दुसरी बाजूही लावतो.

या दुसऱ्या बाजूबद्दल जरा सांगायला हवं. आता मोबाइलवर गाणी हजारांनी येतात, म्हणून कुणाला कल्पना येत नाही. ७८ ची तबकडी दहा इंचांची, लाखेची, एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावायची. म्हणजे एक गाणं. उलटलं की दुसरं. संपली तबकडी. लोक पैसे मोजायचे ते गाजलेल्या गाण्यासाठी, मागचं गाणं त्याच पैशांत यायचं. पण करणाऱ्यांनी ते मागचं म्हणून केलेलं नसायचं. गायक तोच, वादक तेच, जीव तेवढाच ओतलेला. गाजलेलं गाणं पुढे कॅसेटवर आलं, सीडीवर आलं, मोबाइलवर आलं. मागच्या बाजूचं कित्येकदा लाखेतच राहिलं. आमच्याकडे अण्णा रात्री जेवण झाल्यावर तबकडी लावायचे तेव्हा दोन्ही बाजू लावायचे. एकच बाजू लावून तबकडी खोक्यात ठेवलेली त्यांना चालायची नाही. “पाहुण्याला अर्ध्या ताटावरनं उठवतंस व्हय?” असं आईला म्हणायचे. रेडिओवरच्या या माणसाला अण्णा कधी भेटले नाहीत, पण मला वाटतं दोघांचं जमलं असतं.

अण्णांच्या तबकड्या त्रेसष्ट होत्या. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी आहे ४५. गावभागात काय झालं ते इथल्या माणसाला सांगायला नको. गिऱ्हाइकांच्या पेट्या आम्ही आधी माळ्यावर चढवल्या, कारण त्या लोकांच्या होत्या. तबकड्यांचं खोकं खाली राहिलं. पाणी उतरल्यावर बघितलं तर कागदी पाकिटांचा लगदा, त्यात चिखल, आणि मध्ये काळ्या तबकड्या. लाखेला पाणी फारसं काही करत नाही. नळाखाली एकेक धुतली, आईच्या जुन्या लुगड्यावर पसरली. बावीस तडकलेल्या निघाल्या, एक्केचाळीस वाचल्या. पण सगळ्यांची मधली लेबलं सुटून गेलेली. कुणाचं गाणं, कुणाचे शब्द, काही नाही. लेबल होतं त्याच्या कडेला लाखेतच दाबलेला बारीक नंबर तेवढा राहिला. चावीचा ग्रामोफोनही गंजला होता. त्याची स्प्रिंग बदलून घ्यायला वर्ष गेलं.

काही तबकड्या लावल्या की लगेच कळायच्या. अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज मिरजेच्या हवेतच आहे. दर्ग्यात त्यांची समाधी आहे, दर वर्षी तिथे गाणं-बजावणं होतं. तो कुणी सांगायला लागत नाही. पण बाकीच्या वीस-पंचवीस नुसत्या काळ्या चकत्या होऊन पडल्या होत्या.

हे सगळं लिहिण्याचं कारण ८ जून २०२५ चा कार्यक्रम. ५ जूनला गोविंदराव टेंबे आणि ८ जूनला गजाननराव वाटवे, असे दोन वाढदिवस एका आठवड्यात येतात. ८ तारखेला रविवारच होता.

टेंबे कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे, जन्म १८८१. ‘मानापमान’च्या चाली त्यांच्या, ‘अयोध्येचा राजा’ या १९३२ च्या बोलपटाचं संगीत त्यांचं, आणि त्यात हरिश्चंद्रही तेच. पण आम्हा पेटीवाल्यांना ते आधी पेटीवाले. निवेदकाने त्यांच्या निमित्ताने पेटीवरच्या बंदीची गोष्ट सांगितली, आणि ती त्याने फार चांगली सांगितली. १९४० साली आकाशवाणीने पेटी बंद केली. वाद्य परकं, तिच्यावर मींड येत नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, आणि श्रुती, म्हणजे सुरांमधल्या बारीक जागा, येत नाहीत, असं कारण. ही बंदी १९७१ पर्यंत होती. तीस वर्षं! आणि या तीस वर्षांत घराघरांत, देवळांत, तमाशात, नाटकात, शाळेत पेटी वाजतच होती.

श्रुतीचं म्हणाल तर ते खरं आहे, मी नाकारत नाही. पितळेची रीड, म्हणजे पेटीच्या आतली सूर देणारी पातळ पाती, टोकाकडे कानशीने घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. एकदा तो ठरला की वाजवणाऱ्याला त्यात काही करता येत नाही. गाणारा गळ्याने जे करतो ते पेटी फक्त दोन पट्ट्यांच्या मधून सुचवते. पण अण्णा म्हणायचे, नवशिक्याला सा कुठे आहे हे दाखवायला पेटीसारखा गुरू नाही. निवेदकाने दोन्ही बाजू मांडल्या. बंदी घालणाऱ्यांना मूर्ख ठरवलं नाही आणि पेटीलाही कमी लेखलं नाही. माझ्या समोर भाता उघडून पडलेली एक पेटी होती, ढवळीच्या भजनी मंडळाची. मी तिच्यावर हात ठेवून ऐकत होते.

मग वाटवे आले. जन्म १९१७. गणेशोत्सवात चौकाचौकात भावगीतं म्हणायचे, ऐकायला रस्ता भरून जायचा. त्याने ‘गगनी उगवला सायंतारा’ लावलं. आत कॉटवर आई होती. तिचं वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं. ती आतूनच म्हणाली, “अगं, हे मी तुला थोपटताना म्हणायची की!”

मला गाणं माहीत होतं ते आईच्या तोंडून. ते कुणाचं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आईची गाणी आईचीच असतात असं वाटतं आपल्याला. शब्द कवी अनिलांचे, चाल आणि आवाज वाटव्यांचा, हे मला त्या दिवशी, पंचावन्नाव्या वर्षी कळलं. आणि आवाज ऐकता ऐकता दुसरी गोष्ट ध्यानात आली. खोक्यात एक तबकडी होती, कडेला नखाएवढा टवका उडालेली. टवक्यावर सुई उडते म्हणून मी ती कधी लावलीच नव्हती. त्या दुपारी लावली. टवका ओलांडून सुई पुढच्या रेघेत ठेवली. तेच गाणं, तोच आवाज. आईला बाहेर आणून खुर्चीत बसवलं. तिने डोळे मिटले आणि मांडीवर ताल धरला. मग मी तबकडी उलटली, दुसरी बाजूही लावली. अण्णा असते तर तेच केलं असतं.

संध्याकाळी गोल कागद कापला, त्यावर नावं लिहिली, खळीने मधोमध चिकटवला. पुरानंतर नाव मिळालेली ती सातवी तबकडी. सातांतल्या पाचांची नावं मला या कार्यक्रमातूनच मिळाली.

नावाचं या माणसाला किती पडलेलं आहे ते २८ सप्टेंबर २०२५ लाही दिसलं. लताबाईंचा जन्मदिवस रविवारी आला होता. लताबाईंवर दोन तास करायचे म्हणजे सोपं काम, कुठलंही गाणं लावा, लोक खूश. त्याने सुरुवात केली ती ‘महल’मधल्या ‘आएगा आनेवाला’च्या तबकडीच्या लेबलापासून. १९४९ साली ती तबकडी निघाली तेव्हा गाणारीचं नाव म्हणून लेबलावर छापलं होतं ‘कामिनी’. कामिनी म्हणजे सिनेमातलं मधुबालाचं पात्र. गायिकेचं नावच नाही. ऐकणाऱ्यांनी रेडिओला पत्रं लिहून लिहून विचारलं, ही गाते कोण? तेव्हा कुठे नाव बाहेर आलं. ज्या मुलीचं लहानपण आपल्या सांगलीत गेलं, तिचं नाव ऐकणाऱ्यांनी विचारून मिळवलं. ही गोष्ट मी आधी वाचली होती. पण गोष्ट सांगून लगेच गाणं लावल्यावर ती लांबून जवळ येणारी सुरुवात वेगळीच ऐकू आली.

तरी सगळ्यात चांगला भाग निवडायचा झाला तर मी १ ऑक्टोबर २०२३ चा निवडेन. त्या दिवशीही रविवार होता. १ ऑक्टोबरला तिघांचा जन्म. सचिनदेव बर्मन, १९०६, कोमिल्ला. मजरूह सुलतानपुरी, १९१९. आणि गदिमा, तेही १९१९, आपल्या आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे. मजरूह आणि गदिमा एकाच वर्षी, एकाच तारखेला. एक उत्तर प्रदेशात वाढला, हकीम झाला, मुशायऱ्यांतून सिनेमात आला. दुसरा माणदेशातल्या माडगुळ्यात वाढला, जिथे पावसाची वाट बघण्यात वर्षं जातात. दोघंही सिनेमाची गाणी लिहून अजरामर झाले. कुणी हे एका धाग्यात ओवल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

त्याने काय केलं, १९५९ हे एकच साल धरलं. त्या साली बिमल रॉयचा ‘सुजाता’ आला, संगीत बर्मनदांचं, शब्द मजरूहचे. आणि त्याच साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला, गाणी गदिमांची. तिन्ही वाढदिवस या दोन सिनेमांत बसवले. आधी ‘जलते हैं जिसके लिए’. सिनेमात सुनील दत्त हे गाणं टेलिफोनवर म्हणतो. तलत मेहमूदच्या आवाजातली ती बारीक थरथर पेटीवर कधीच निघत नाही, मी हजारदा प्रयत्न केलाय. त्यानंतर ‘सुन मेरे बंधू रे’, मजरूहचेच शब्द, पण गायलेलं खुद्द बर्मनदांनी, नावाड्याच्या गाण्यासारखं, लांब सोडलेलं. आणि ते संपतंय तोवर ढोलकी. ‘बुगडी माझी सांडली गं’!

मी स्टुलावरून उठलेच. नदीवरचं ते गाणं आणि लगोलग साताऱ्याला जाणारी ही लावणी. एकाच वर्षातलं हे, एकाच दिवशी जन्मलेल्या माणसांचं. साताऱ्याहून कुणाचा तरी निरोप आला होता, तो त्याने वाचून दाखवला: आमच्या गावाचं नाव घेतलंत, घरात सगळे नाचतोय. त्या सकाळी शेजारचे शिंपीकाका मशीन थांबवून आमच्या पायरीवर येऊन बसले. म्हणाले, “ताई, आवाज वाढवा जरा.” दोघांनी मिळून चहा केला, भडंग खाल्लं, नऊ कधी वाजले कळलं नाही.

आता तक्रारी, आणि पहिली याच भागातली. ‘बुगडी’ची चाल त्याने राम कदमांची म्हणून सांगितली. ती वसंत पवारांची. राम कदम आपले मिरजेचे, ‘पिंजरा’चं संगीत त्यांचं, म्हणून लावणी म्हटलं की इथल्या माणसाच्या तोंडी त्यांचंच नाव येतं. चूक समजण्यासारखी आहे. पण जो कार्यक्रम नावांसाठी उभा आहे तिथे ती चालत नाही. मी त्याच दिवशी निरोप पाठवला. पुढच्या रविवारी कार्यक्रम सुरू होताच, जाहिरातीच्याही आधी, त्याने चूक कबूल केली, वसंत पवारांचं नाव दोनदा घेतलं आणि गाणं पुन्हा पूर्ण लावलं. रेडिओवर मी असं क्वचितच ऐकलंय. तक्रार तिथेच मिटली.

दुसरी मिटलेली नाही. कधीकधी गाणं चुकीच्या पट्टीत, म्हणजे मुळापेक्षा चढ्या सुरात लागतं. ऐकणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना ते कळत नाही, पण मला कळतं आणि टोचतं. होतं असं की जुनी तबकडी कुणीतरी कधीतरी संगणकावर घेतलेली असते, आणि घेताना फिरण्याची गती थोडी वाढलेली असते. गती सहा टक्क्यांनी वाढली की सूर बरोबर एका पट्टीने चढतो; पेटीवरच्या काळी एकचं गाणं तिच्या लगतच्या पांढरी दोनमध्ये येतं. तीन मिनिटांचं गाणं दहा सेकंद आधी संपतं. त्याहून वाईट म्हणजे आवाजाचं वय बदलतं. पोक्त बाईचा गळा कोवळा होतो, पुरुषाचा आवाज चिरका होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, जुने लोक असेच नाकात गात होते. ते असं गात नव्हते हो. आपण त्यांना पळवतोय. मी पेटी समोर ठेवून तपासते. गेल्या वर्षभरात अशी अकरा गाणी लिहून ठेवली आहेत, पट्टीसकट. यादी त्यांना पाठवली. “बघतो ताई” असं उत्तर आलं. त्यातली दोन नंतर दुरुस्त होऊन लागली, नऊ तशीच आहेत. केंद्रात कुणी पेटी घेऊन बसणार असेल तर मी येऊन बसायला तयार आहे, पैसे नकोत.

तिसरी तक्रार दुसऱ्या तासाची. सात ते आठ कार्यक्रम असतो तो आठ ते नऊ राहत नाही. जाहिराती वाढतात, खतांच्या, साड्यांच्या, क्लासच्या. त्या असाव्यात, त्यांच्यावरच हे चालतं. पण जाहिरातीला जागा करायला गाण्याच्या मधले वादनाचे तुकडे कापले जातात. दुसऱ्या कडव्याच्या आधीची बासरी गेली, व्हायोलिनं गेली, कडवं एकदम अंगावर येतं. ज्यांनी ते तुकडे वाजवले त्यांची नावं लेबलावर कधीच नव्हती. त्यांचं असणं तेवढंच होतं, ते वीस सेकंद. जो माणूस संगीतकाराचं नाव चुकलं म्हणून पुढच्या रविवारी माफी मागतो, त्याच्या कार्यक्रमात हे होऊ नये. माझा अंदाज असा की कापणारा तो नाही, ही कात्री वरून येते. तरी सांगायचं ते सांगितलं. दोन गाणी कमी लावा, पण लावाल ती पूर्ण लावा.

आशाबाईंच्या वाढदिवसाचा भाग मात्र मला आवडला नाही. ८ सप्टेंबर २०२४, रविवार, गणपतीचा दुसरा दिवस. ज्यांचा जन्मच सांगलीचा, त्यांच्यासाठी सांगलीच्या रेडिओने काहीतरी वेगळं काढायला हवं होतं. लागली ती सगळी कुठल्याही लग्नाच्या मांडवात वाजणारी गाणी. त्या आठवड्यात माझ्याकडे आरतीच्या पेट्यांची रांग होती. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, भाता हवा सोडतो, आणि सगळ्यांना पेटी चतुर्थीच्या आतच पाहिजे असते. थकून त्या दोन तासांची वाट बघितली होती, म्हणूनही असेल. पण सव्वाचार वर्षांत असे फिके भाग मोजून पाच-सहा.

ऐकायचं कसं, हेही सांगते. सांगली-मिरजेत साध्या रेडिओवर स्वच्छ लागतो. विश्रामबागेच्या पुढेही ठीक. पलूस-तासगावकडे खरखर येते. तिकडचे लोक मोबाइलवर ऐकतात, साताऱ्याचेही तसेच. मोबाइलवर तो अर्ध्या मिनिटाने मागे असतो, म्हणून घरात रेडिओ आणि मोबाइल दोन्ही लावू नका. जमलं तर साध्या रेडिओवर, एका जागी बसून ऐका. फर्माईश मोबाइलवरून पाठवता येते, पण त्याच्या आवडीवर तो ठाम आहे. नुसतं “अमुक गाणं लावा” म्हणून पाठवलं तर लागेलच असं नाही. त्या गाण्याबद्दल तुमच्याकडे सांगण्यासारखं काही असेल तर तो फोन करतो. मला एकदा आला होता, पुरातल्या तबकड्यांबद्दल. वीस मिनिटं बोललो. शेवटी म्हणाला, “ताई, नंबर वाचून दाखवा, लेबलाच्या कडेचे.” मी चष्मा लावून सगळे वाचले. त्याने लिहून घेतले. दोन महिन्यांनी त्यातल्या दोन तबकड्यांची नावं कळवली. त्या माझ्या सातांपैकीच दोन.

२३ नोव्हेंबर २०२५ ला पुन्हा रविवार आहे आणि गीता दत्त यांचा जन्मदिवस, १९३० चा. त्यासाठी मी आत्ताच निरोप पाठवला आहे. खोक्यात एका बाईच्या आवाजाची तबकडी आहे, हिंदी, पट्टी काळी चार, सुरुवातीला पियानो, आणि दुसऱ्या कडव्यात ती मध्येच हसल्यासारखं करून पुढची ओळ घेते. मला वाटतं त्याच आहेत, पण आई म्हणते नाहीत. त्या सकाळी ती तबकडी धुऊन-पुसून ग्रामोफोनच्या शेजारी ठेवणार आहे, आणि गोल कागद आधीच कापून ठेवलाय.